करार कुणाच्या नावाने

नागापूर,
३ नोव्हेंबर २०२५

प्रिय एस्तेर आत्या,
सप्रेम सलाम.

पत्र पाहून घाबरू नका, घरी सगळे बरे आहेत. फोन केला नाही, कारण आमच्या घरात फोन एकट्याने करता येत नाही. तुमचं नाव दिसलं की पप्पा तो स्पीकरवर टाकतात, मम्मी गॅस बंद करून येते, जस्टिन मध्येच राजूरला पाऊस किती झाला ते विचारतो आणि मला जे विचारायचं असतं ते राहून जातं. पत्राचं तसं नाही. लिहिलेलं काहीही घरात आलं की ते वाचायचं काम माझ्याकडे. लाईटबिल, रेशनकार्डाची नोटीस, लग्नपत्रिकेतली तारीखसुद्धा. मला पदवी मिळाल्यापासून बाकीच्यांनी वाचणं सोडून दिलं आहे.

विषय कामाचा आहे. मशीनवर एखादा भाग घट्ट धरून ठेवायला जी चौकट लागते तिला फिक्स्चर म्हणतात. त्यांची ड्रॉइंग मी दोन वर्षं घरी बसून काढते, हे तुम्हाला माहीत आहे. आतापर्यंत एमआयडीसीतले तीन-चार वर्कशॉपवाले सुटं काम द्यायचे. आता पुण्याची एक कंपनी वर्षभराचा करार करायला तयार आहे. त्यांनी मेलमध्ये एकच गोष्ट विचारली आहे. करार कुणाच्या नावाने करायचा, व्यक्ती, भागीदारी की कंपनी? पॅन क्रमांकासह ३१ डिसेंबरपर्यंत कळवा.

पप्पा म्हणाले, एवढं मोठं काम, कर लागेल, जाणत्या माणसाला विचारू. मग आम्ही नगरला अमृत सरांकडे गेलो. त्यांच्या पाटीवर कर सल्लागार, विमा, पासपोर्ट आणि जुनी गाडी नावावर करून मिळेल, असं सगळं आहे. त्यांनी पाच मिनिटांत निकाल दिला. "साळवे, तुम्ही एचयूएफ करून टाका. घराण्याचा वेगळा पॅन निघतो. तुम्ही कर्ते, बाकी सगळे सदस्य. उत्पन्न घराण्याचं दाखवायचं, कर वाचतो." पप्पा एकोणतीस वर्षं लेथवर उभे राहिले, त्यांना आयुष्यात कुणी कर्ता म्हटलं नव्हतं. ते खुर्चीत जरा सरकून ताठ बसले.

मला कल्पना आवडली, खरं सांगते. सगळ्यांचं सगळं सामाईक, प्रेषितांच्या काळातल्या मंडळीसारखं. शिकून एकटीच पुढे जाण्यापेक्षा हे बरं.

रविवारी चर्चमध्ये पप्पांनी मंडळीसमोर उपकारस्तुती दिली. एचयूएफ म्हणजे काय ते पाळकसाहेबांना कळलं नाही आणि पप्पांना सांगता आलं नाही, पण प्रार्थना मनापासून झाली. "प्रभो, साळवे कुटुंबाच्या या एचयूएफला आशीर्वादित कर, त्याची वाढ कर." सगळ्यांनी आमेन म्हटलं.

तुम्ही तहसील कचेरीत पस्तीस वर्षं कागद हाताळलेत. काही राहून तर जात नाही ना, तेवढं कळवा.

तुमची,
प्रार्थना


राजूर, ता. अकोले
१२ नोव्हेंबर २०२५

चि. प्रार्थना हिस,
सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा चहाचा कप लांब ठेवून वाचलं, कारण पहिल्या वेळी तो साडीवर सांडला.

एचयूएफमधला एच म्हणजे काय, हे तुमच्यापैकी एकानेही विचारलं नाही? तू, तुझा बाप, तुझा भाऊ आणि पाळकसाहेब, चौघं धडधाकट माणसं. हिंदू अविभक्त कुटुंब, असं त्याचं पूर्ण नाव आहे. म्हणजे त्या रविवारी अख्ख्या मंडळीने उभं राहून हिंदू अविभक्त कुटुंबाची वाढ मागितली. मागू देत, दुसऱ्याचं भलं मागण्यात वावगं काही नाही. पण त्या कुटुंबात आपण बसत नाही. हिंदूंना ती सोय आहे, जैन, शीख, बौद्धांनाही आहे. ख्रिस्ती घराला नाही. तुझ्या खापरपणजोबांनी बाप्तिस्मा घेतला त्याला सव्वाशे वर्षं झाली, हे इन्कमटॅक्सवाल्यांना कळायला वेळ लागणार नाही.

त्या सल्लागाराचं मला नवल वाटतं. समोरच्या कागदावर सॅम्युएल, जस्टिन, प्रार्थना अशी नावं होती. त्याने साळवे एवढंच वाचलं आणि सव्वाशे वर्षांचं पाणी पाच मिनिटांत पुसून टाकलं. आपल्याकडे घरवापसीच्या मोठमोठ्या परिषदा घेऊन लोकांना जे जमलं नाही, ते याने फी घेऊन केलं.

आणखी एक. तुझ्या पत्रात कर्ता आहे, सदस्य आहेत, घराणं आहे. ड्रॉइंग कोण काढतं ते मला आधीपासून माहीत होतं म्हणून कळलं. पत्र वाचून कळलं नसतं. तुझा बाप साधा माणूस आहे, तो मुद्दाम काही करणार नाही. पण तू तरी तुझं नाव पत्रात घालत जा.

तुझी आत्या,
एस्तेर


नागापूर,
२२ नोव्हेंबर २०२५

प्रिय आत्या,
सलाम.

एचचा अर्थ मी घरी सगळ्यांना वाचून दाखवला. पप्पांनी आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "पाळकसाहेबाला सांगू नका."

अमृत सरांना मात्र काहीच वाटलं नाही. म्हणाले, "मला वाटलं नावं मॉडर्न ठेवलीत. असू द्या. मग आपण भागीदारी करू, तिला धर्म लागत नाही." लगेच दुसरी फाईल काढली. पहिल्या कामाची फी परत मिळत नाही, पण तीच या कामात वळती करून देणार आहेत. तेवढा माणूस चांगला आहे.

भागीदारी अशी ठरली आहे. पप्पा चाळीस टक्के, जस्टिन चाळीस, मी वीस. माझे वीस का, तर मी उद्या लग्न होऊन जाणार आणि फर्म घरात राहायला हवी. नाव जस्टिन इंजिनिअरिंग. माझं नाव चालणार नाही, कारण पाटी वाचून लोक चपला काढून आत येतील, असं जस्टिनचं म्हणणं. तो मार्केटिंग बघणार. त्याने व्हिजिटिंग कार्डंही छापून आणली, जस्टिन साळवे, मॅनेजिंग डायरेक्टर. भागीदारीत डायरेक्टर नसतो, असं मी सांगितलं. तो म्हणाला, "दीदी, तू इंजिनिअर आहेस, तुला धंद्यातलं कळत नाही." बारावीला तो तीनदा बसला, पण त्याचा आत्मविश्वास एकदाही नापास झाला नाही.

मला काही वाटलं नाही. खरंच. पप्पांनी ओव्हरटाइम करून माझी फी भरली आहे. ज्या दिवशी माझा निकाल लागला त्या दिवशी त्यांनी अख्ख्या शिफ्टला पेढे वाटले. घरातली पहिली शिकलेली मुलगी स्वतःपुरतंच बघते, असं कुणी म्हणायला नको. वीस टक्के काय आणि ऐंशी काय, काम तर मीच करणार, म्हणजे काम माझंच राहतं, नाही का?

२० डिसेंबरला सह्या आहेत. लेटरहेड मीच करून दिलं. त्यात जस्टिनचं नाव जरा मोठं दिसतं, त्याला तसंच हवं होतं.

तुमची,
प्रार्थना


राजूर,
१ डिसेंबर २०२५

चि. प्रार्थना,
सलाम.

'मला काही वाटलं नाही' एवढ्यावर थांबली असतीस तर मी विश्वास ठेवला असता. पुढे 'खरंच' लिहिलंस.

आता मी जे लिहिते आहे ते तुझ्या बापाला वाचून दाखवू नकोस. १९९० साली महिलांसाठी कर्जाची एक योजना होती, त्यात बरंच अनुदान मिळायचं. तुझा बाप तेव्हा नोकरीला लागला नव्हता. त्याला मिरजगावला पिठाची गिरणी टाकायची होती. अर्जावर नाव माझं, फोटो माझा, उद्घाटनाला हारही मलाच. गिरणी तो चालवायचा. मी अकोल्याला नोकरीवर. तीन वर्षांनी गिरणी विकली गेली, ते मला कुणी कळवलं नाही. ती ज्या टेम्पोतून गेली त्याचा ड्रायव्हर पुढे कचेरीत दाखल्यासाठी आला होता, त्याच्याकडून कळलं. नंतर मी विक्रीचा कागद पाहिला. त्यावर माझी सही होती. ती मी केली नव्हती. त्या पैशात तुमची नागापूरची जागा घेतली गेली.

मी बोलले नाही. भाऊ होता, त्याचा संसार उभा राहत होता. गेली कित्येक वर्षं तो साधा माणूस आहे असं सगळ्यांना सांगते, तुलाही मागच्या पत्रात सांगितलं. आता वाटतं, मी ते स्वतःलाच सांगत होते.

अनुदान असेल तिथे बाईचं नाव पुढे आणि उत्पन्न असेल तिथे मागे, ही रीत तुझ्या बापाने काढलेली नाही. तो ती पाळतो फक्त. तू तिला त्याग समजतेस, म्हणून मला लिहावं लागलं.

एकच विचारते. हे सगळं कर वाचवायला चाललं आहे ना? मग गेल्या वर्षी तुला कर किती बसला, तो आकडा कळव.

एस्तेर आत्या


नागापूर,
८ डिसेंबर २०२५

आत्या,
सलाम.

पप्पांबद्दल तुम्ही असं लिहायला नको होतं. पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट, ती आत्ताच का आठवली? तुम्हाला तेव्हा बोलायचं होतं तर तेव्हा पप्पांशी बोलायचं, आत्ता माझ्याशी नाही. तुम्ही एकट्या राहता. चार माणसांच्या घरात सांभाळून घ्यावं लागतं, ते तुम्हाला कळणार नाही.

गेल्या वर्षीचा कर शून्य. माझ्यासारख्या व्यवसायात जमा रकमेच्या निम्मं उत्पन्न धरायची सोय आहे. तसं विवरणपत्र माझं मीच भरलं होतं. वर्कशॉपवाल्यांनी करापोटी कापून घेतलेले पैसेही परत आले. तरी अमृत सर म्हणतात, प्लॅनिंग लागतंच.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर झालं. सह्या वीस तारखेला आहेत.

प्रार्थना


राजूर,
१२ डिसेंबर २०२५

चि. प्रार्थना,

तुझा राग पोचला. मी एकटी राहते हे खरं आहे. बाकीच्याबद्दल नंतर भांडू.

अकोल्याला माझ्याबरोबर राजेश्वरी म्हणून होती. तिची मुलगी संगमनेरला सीए आहे. तुझं नाव न सांगता तिला विचारलं. करार धरून वर्षाला पंधरा लाख आले असं समज. तुझ्या एकटीच्या नावाने असतील तर निम्मे, म्हणजे साडेसात लाख उत्पन्न, आणि सध्याच्या नियमांत त्यावर कर शून्य. भागीदारी फर्मच्या नावाने असतील तर त्याच साडेसात लाखांवर पहिल्या रुपयापासून तीस टक्के. उपकर धरून दोन लाख चौतीस हजार. भागीदारांचे पगार दाखवून तो आकडा खाली आणता येतो, पण मग वह्या ठेवा, त्या तपासून घ्या. त्याची फी घ्यायला अमृत सर बसलेलेच आहेत.

शून्यातून किती वाचवतात हे मला पस्तीस वर्षांत कचेरीने शिकवलं नाही. तुझ्या सल्लागाराला येत असेल तर त्याच्याकडून शिकून घे, मात्र सहीच्या आधी. मी म्हणते म्हणून काही करू नकोस. माझं पत्रही पुढे करू नकोस. आकडे तू मांडू शकतेस.

एस्तेर आत्या


नागापूर,
२१ डिसेंबर २०२५

ताईस सॅम्युएलचा सलाम.

दरयेळी पोरीकडनं लिवून घेतो, आज माझ्या हातानं लिवतोय. चुका काढू नको.

काल सह्यांला गेल्तो. मी, जस्टिन, प्रार्थना. नवा शर्ट घातला हुता. स्टँपपेपर तिच्या फुडं आला तवा म्हनली, "सर, माझ्या एकटीच्या नावावर कर किती बसंल आनि फर्मच्या नावावर किती, दोन्ही आकडे या कागदाच्या मागं लिवून द्या. मग मी सही करते." अमृत सर म्हनला, लिवायची काय गरज, तोंडी सांगतो. ती म्हनली, न्हाई, लिवून. त्यानं कॅल्क्युलेटर बडवला. पुन्यांदा बडवला. मला वाटलं सेल गेला असंल. मग तो म्हनला, "मॅडम, सगळंच पैशात मोजायचं नसतं." ताई, कर सल्लागार हाय तो. त्याला पैसे मोजायचेच मिळत्यात.

त्याचं मला बी पटलं न्हाई. पन पोरीनं चारचौघांत बापाला असं तोंडावर पाडायचं? जस्टिन म्हनला, "मग माझ्या कार्डांचं काय? पाचशे छापलेत." ती म्हनली, कार्डं तुझी, तू वापर, आनि सही न करता उठली. भायेर आल्यावर माझं डोकं फिरलं. म्या म्हनलो, घर माझं हाय, लाईट माझी हाय, तुला एकटीचं करायचं तर दुसरीकडं बसून कर. मला वाटलं रडंल, माफी मागंल. ती म्हनली, बरं.

घरी आल्यावर तिनं मला गिरनीचं इचारलं. आत्याची सही तुमी केल्ती का म्हनली. म्या उठून भायेर गेलो.

तुला सांगतो. व्हय, म्या केली. तू अकोल्याला, यायला-जायला दोन दिस, गिऱ्हाईक रोख घिऊन उभं हुतं. म्हनलं मागनं सांगू. मग सांगायचं ऱ्हायलं. तू बी कदी काय बोलली न्हाईस. मला वाटलं तुला चालतंय.

तिला काय सांगू ते कळव. आनि मंडळीत काय सांगू ते बी. दोनदा उपकारस्तुती झाली, एकदा एचयूएफची, एकदा भागीदारीची. आता तिसऱ्यांदा उभा ऱ्हायलो तर पाळकसाहेबच हसंल.

तुजा भाऊ,
सॅम्युएल


नागापूर,
१२ जानेवारी २०२६

प्रिय आत्या,
सप्रेम सलाम.

तुम्ही एकट्या राहता असं मी लिहिलं. ते लिहायला नको होतं. त्या दिवशी मला राग तुमचा नव्हता आला, तो आकडा स्वतःच्या हाताने लिहिताना आला होता. शून्य लिहिलं, पाकीट चिकटवलं, आणि पोस्टाच्या दारात कळलं की आपण काय लिहिलं आहे. तरी पेटीत टाकलं, कारण मागे फिरायची लाज वाटली.

२३ डिसेंबरला मी कंपनीला मेल केला. व्यक्ती, प्रार्थना सॅम्युएल साळवे, सोबत माझा पॅन. मला वाटलं होतं ते काही विचारतील, कंपनी का नाही, फर्म का नाही. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं, 'ठीक आहे, करार पाठवत आहोत.' दोन महिने आम्ही ज्यासाठी घर डोक्यावर घेतलं, त्यात पुण्याला काडीचा रस नव्हता.

नागापुरातच एका वर्कशॉपच्या वर खोली भाड्याने घेतली. खाली दिवसभर ग्राइंडर चालतो आणि माझं टेबल थोडं थोडं भिंतीकडे सरकत जातं. सकाळी नऊला येते, संध्याकाळी सहाला घरी जाते. भाड्याचा पहिला हप्ता भरताना जिवावर आलं. आमच्या घरात एवढी जागा असताना हे करावं लागलं. मम्मी डबा देते, पण दाराबाहेर येऊन देते, पप्पांना दिसू नये म्हणून. पप्पा तो बघतात आणि त्यांनी बघितलं हे आम्हाला दिसू नये म्हणून पेपर वर धरतात. पेपर घरात कुणी वाचत नाही, हे मी तुम्हाला सांगितलंच आहे.

जस्टिनने कार्डं टाकून दिली नाहीत. मॅनेजिंग डायरेक्टर सगळीकडे चालतं, म्हणतो. आता तो जमिनीचे व्यवहार बघणार आहे. अमृत सरांनी त्याला एकट्याची कंपनी काढायचा सल्ला दिला आहे. उत्पन्न अजून नाही, पण प्लॅनिंग सुरू आहे.

गिरणीचं मी पप्पांना विचारलं, ते तुम्हाला विचारल्याशिवाय विचारलं. त्याबद्दल तुम्ही रागवा. त्यांनी मला अजून उत्तर दिलेलं नाही. तुम्हाला दिलं असेल तर मला सांगू नका, ते त्यांनीच सांगायला हवं.

आता मुख्य गोष्ट. मागच्या गुरुवारी अकराच्या सुमारास पप्पा जिना चढून खोलीवर आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत, चहा नको म्हणाले. भिंती बघितल्या, खिडकीची कडी लावून बघितली, काढून बघितली. मग टेबलावर छापलेली ड्रॉइंग पडली होती, त्यातलं एक उचललं आणि खिडकीजवळ नेऊन बघत राहिले. मला वाटलं, आता त्या दिवसाचं काहीतरी बोलतील.

ते म्हणाले, "हे भोक इतकं बारीक मापात कशाला मागितलंस?"

मी म्हटलं, कॉलेजात तसंच शिकवलं.

"कॉलेजात बोल्ट घातला हुता का कुनी? हितं नुसता बोल्ट जानार हाय, ढिला चालतोय. तू असं मागितलंस तर खालचा माणूस अर्धा दिवस घासत बसंल आनि तुला शिव्या घालंल."

मी तपासलं. त्यांचं बरोबर होतं. ते दुपारपर्यंत थांबले. सहा ड्रॉइंग बघितली, तीनमध्ये चुका काढल्या. एका ठिकाणी मी असा कोपरा दिला होता, जो कुठल्याच हत्याराने कापता येणार नाही. एकोणतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची ड्रॉइंग हातात धरून काम केलं आणि घरात माझ्या शेजारी बसून दोन वर्षांत एकदाही माझं ड्रॉइंग बघितलं नव्हतं. मीही कधी दाखवलं नव्हतं. आम्ही दोघंही कर्ता कोण हेच ठरवत होतो.

जाताना दारात म्हणाले, "उद्या येतो. फुकट न्हाई येनार."

मी म्हटलं, "फुकट कोण म्हणतंय? महिन्याचा पगार देते."

ते एक पायरी उतरून परत वर आले. "पोरीच्या हाताखाली कामाला हाय, हे मंडळीत सांगू नको. जस्टिनला तर न्हाईच न्हाई."

मी हो म्हटलं. पण पगार बँकेतून जाणार, त्याला कागद लागतो. तो काल तयार केला आणि त्यांच्यापुढे ठेवला. सॅम्युएल बाबूराव साळवे, ड्रॉइंग तपासनीस. त्यांनी चष्मा लावला आणि पूर्ण कागद स्वतः वाचला, मला वाचून दाखवायला सांगितलं नाही. मग कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, "नुसतं तपासनीस नको. सीनियर तपासनीस लिव."

मी लिहिलं. पगार तेवढाच ठेवला.

तुमची,
प्रार्थना